टांगलेली भिंत

२०१८च्या जुलैतल्या एका शनिवारी, दुपारी तीनच्या सुमारास, आमच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीला पोट आलं. बागेचा पाइप गुंडाळता गुंडाळता मी सहज वर पाहिलं, तर दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीखालच्या पट्ट्या सरळ दिसेनात. दोन खिळ्यांमधला प्रत्येक भाग बाहेर आला होता आणि तिरप्या उन्हात त्या लाटांच्या सावल्या पडल्या होत्या. महिन्याभरापूर्वीच मी त्या भिंतीला स्वतःच्या हातांनी गडद निळा रंग दिला होता.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. घर १९८७ सालचं, लाकडी सांगाड्याचं, दुमजली. बाहेरून व्हायनिल सायडिंग. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पीव्हीसीच्या, मिलिमीटरभर जाडीच्या, बारा फूट लांबीच्या पट्ट्या असतात. खालच्या पट्टीच्या डोक्यात वरच्या पट्टीचा पाय अडकवत त्या जोत्यापासून छपरापर्यंत चढवत नेतात. लांबून पाहिलं तर लाकडी फळ्या एकीवर एक चढवल्यासारख्या वाटतात, जवळून पाहिलं तर त्यावर लाकडाच्या रेषाही उठवलेल्या असतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ओहायोत हा माल बनायला लागला. त्याआधी लाकडाच्या फळ्या असत आणि त्यांना दर काही वर्षांनी रंग काढावा लागे. व्हायनिलचा रंग प्लास्टिकच्या अंगातच मिसळलेला असतो, त्यामुळे आता रंगाची कटकटच संपली, असं लोकांना वाटलं. आमच्या भागात तर रस्तेच्या रस्ते त्याचेच आहेत.

पण तीस वर्षं ऊन खाल्ल्यावर अंगचा रंगही विटतो. आमचा फिका पिवळट रंग इतका उडाला होता की भिंतीला टेकलं तर काळ्या जॅकेटच्या पाठीवर पांढरी भुकटी लागायची. सगळं सायडिंग नवीन बसवायचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. रंग मात्र झेपणारा होता, आणि मी रंगाऱ्याची मुलगी. मला तो देता येईल याबद्दल शंका घ्यायचं काही कारणच दिसलं नाही.

मला गडद निळा हवा होता. दुकानात छटा दाखवली, त्यांनी मिसळून दिली. व्हायनिलवर लावायचा आहे हे मी सांगितलं नाही आणि डब्यामागचा मजकूर वाचला नाही. व्हायनिलवर मूळ रंगापेक्षा गडद छटा देऊ नये, असं त्यावर छापलेलं होतं. त्या शनिवारी संध्याकाळी मी ते वाचलं.

आधी माझा संशय शेजारच्या घरावर होता. त्यांनी नुकत्याच दुहेरी काचेच्या नव्या खिडक्या बसवल्या होत्या. तशा काचा किंचित आत वाकलेल्या असल्या तर आरशासारखं ऊन एकत्र करून समोरच्या घरावर टाकतात, आणि त्या झोताने सायडिंग वितळल्याचे प्रकार इथे घडतात. पण झोताचा डाग एका जागी पडतो, आमची तर अख्खी भिंत उचलली होती. तळणीच्या तेलाचं तापमान बघायला आणलेलं इन्फ्रारेड थर्मामीटर मी त्या निळ्यावर धरलं. १६३ अंश फॅरनहाइट, म्हणजे ७३ सेल्सियस. त्याच भिंतीवर गॅरेजच्या कडेला एक पट्टी रंगवायची राहिली होती, तिच्यावर १२१. व्हायनिल साधारण सत्तर सेल्सियसच्या पुढे मऊ पडायला लागतं. त्या दुपारी माझी भिंत अक्षरशः मऊ झाली होती, आणि संध्याकाळी गार होताना त्या वाकड्या आकारातच घट्ट झाली.

रंगाची छटा किती उजेड परतवते याचा एक आकडा इथे शेड कार्डाच्या मागे छापलेला असतो. काळ्याचा शून्याजवळ, शुभ्र पांढऱ्याचा शंभराजवळ. व्हायनिलसाठी हा आकडा पंचावन्नच्या वर असावा, असं रंगकाम करणारे मानतात. माझ्या निळ्याचा आकडा होता आठ.

त्या वर्षी मी पुढे काहीच केलं नाही. येणारा-जाणारा भिंतीकडे बघायचा आणि मला गाडी लावताना मान वर करवत नसे.

पुढच्या मे महिन्यात अप्पा आले, सहा महिन्यांसाठी. आई गेल्यानंतर त्यांची ही पहिलीच खेप. अप्पांनी चाळीस वर्षं मुंबईत रंगकाम केलं. लालबाग-परळच्या चाळींत चुना आणि डिस्टेंपर, पुढे सोसायट्यांना बाहेरून स्नोसेम, झुल्यावर बसून, सात-सात मजले. लहानपणी त्यांच्या शर्टाला येणारा टर्पेंटाइनचा वास मला अजून आठवतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते घराभोवती फिरले. फुगलेल्या भिंतीसमोर उभे राहिले आणि बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक केली. डब्यासारखा पोकळ आवाज आला. मग तळहाताने दाबलं, तर पट्टी आत गेली.

“बाय, ही भिंत नाही,” ते म्हणाले. “हिच्या मागे भिंत आहे. हा नुसता पडदा आहे.”

ते किती बरोबर होतं हे मला पट्ट्या काढताना कळलं. पट्टी काढायला आकडीसारखं वाकडं टोक असलेलं एक छोटं हत्यार मिळतं. ते सांध्यात घालून खाली ओढत नेलं की वरची पट्टी खालचीपासून सुटते. आतल्या कडेला खिळ्यांसाठी आडव्या खाचा असतात. खिळा या खाचेच्या मधोमध हवा आणि पूर्ण ठोकलेला नको. त्याचं डोकं आणि पट्टी यांच्यात एखादं नाणं सरकेल एवढी फट राहायला हवी. कारण बारा फुटांची पट्टी जानेवारीच्या थंडीपासून जुलैच्या उन्हापर्यंत अर्धा इंच तरी लांबते-आखडते. तिला डावी-उजवीकडे सरकायला मोकळीक लागते. आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर ज्याने कोणी १९८७ साली काम केलं होतं, त्याने बरेच खिळे पार आवळून ठोकले होते. तीस वर्षं फिक्या रंगाने ते निभावून नेलं. माझ्या निळ्याने पट्टी तापवली, तिला लांब व्हायचं होतं, खिळे सोडेनात, मग ती बाहेरच्या बाजूला वाढली.

अकरा पट्ट्या बदलाव्या लागल्या. हुबेहूब त्याच घाटाची पट्टी आता बनत नाही. शेवटी मागच्या बाजूला, डेकच्या पायऱ्यांमागे जिथे कोणाची नजर जात नाही तिथल्या चांगल्या पट्ट्या काढून पुढे लावल्या आणि नव्या, थोड्या वेगळ्या घाटाच्या पट्ट्या मागे घातल्या. एका पट्टीमागे गांधीलमाश्यांचं पोळं निघालं, लहानसंच, चहाच्या बशीएवढं. त्यामुळे काम एका दिवसाने लांबलं.

रंगाला आम्ही घाई केली नाही. उन्हाळा जाऊ द्यायचं ठरलं. त्या दोन-तीन महिन्यांत मी रात्री वाचत बसायचे आणि अप्पांना मराठीत समजावून सांगायचे. इथे जुन्या घराच्या रंगकामाबद्दल काहीही वाचायला घेतलं की पहिला प्रश्न एकच असतो: घर १९७८च्या आधीचं आहे का? त्या वर्षी अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं घालायला बंदी आली. त्याआधीच्या घराचा रंग खरवडायचा असेल तर तोंडावर मास्क, खाली प्लास्टिक, लहान मुलं लांब, धूळ ओली करून उचलायची. पुष्कळ घरांवर व्हायनिलच्या खाली तसाच जुना रंग असलेल्या लाकडी फळ्या अजून आहेत. आमचं घर नंतरचं, त्यामुळे आम्हाला ती काळजी नव्हती.

अप्पांनी विचारलं, “आणि आपल्याकडे?”

शोधून सांगितलं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा जास्त नको, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर साली मला कामाला लागून सात वर्षं झाली होती.” चाळींचे दरवाजे, खिडक्या, जिन्यांचे कठडे, त्यांवरचे ऑइल पेंटचे थर त्यांनी पत्र्याने आणि पॉलिश पेपरने खरवडले होते, तोंडाला फार तर रुमाल बांधून. घरी आल्यावर त्याच कपड्यांनी मला मांडीवर घेतलं होतं. हे मीच मनात म्हणाले, त्यांनी नाही. त्यांच्या डोळ्यांत मात्र ते दिसलं, आणि मी विषय बदलला. त्यांच्या वाट्याला आलेली ती एकोणचाळीस वर्षं मला अजून सलतात. माहिती जगात होती. ती परळच्या जिन्यापर्यंत पोचली नाही.

ऑगस्टच्या शेवटी भिंती धुतल्या. सात भाग पाणी, तीन भाग पांढरं व्हिनेगर, लांब दांड्याचा मऊ ब्रश. उत्तरेच्या बाजूला हिरवं शेवाळं धरलं होतं, ते यानेच निघालं. धुताना खालून वर जायचं, नाहीतर वरून येणाऱ्या घाणीच्या ओघळांचे डाग खालच्या कोरड्या भागावर पडतात. जोराच्या फवाऱ्याचं यंत्र भाड्याने मिळतं, पण ते मी घेतलं नाही. पट्ट्यांचे सांधे वरून येणारं पाणी बाहेर ढकलण्यासाठी असतात, खालून मारलेलं पाणी सरळ आत शिरतं. अप्पा दर दहा फुटांवर काळं फडकं भिंतीवर घासून पाहायचे. भुकटी लागली की ती जागा पुन्हा धुवायची. चार दिवस आम्ही फक्त धूत होतो. रंगकामात रंग सगळ्यात शेवटी येतो, हे त्यांच्याकडून मी लहानपणी शंभरदा ऐकलं असेल, पण ते हातांना कळलं ते या चार दिवसांत.

पाचव्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले, तर अप्पा गॅरेजमधली सीलंटची नळी आणि ती दाबायची बंदूक घेऊन दक्षिणेच्या भिंतीशी बसलेले. दोन पट्ट्या जिथे टोकाशी एकमेकींवर चढतात तिथली उभी फट त्यांनी भरून काढली होती, बोट फिरवून गुळगुळीत केली होती. एक झाली, दुसरी झाली, तिसरी घ्यायच्या बेतात होते. काम इतकं सुबक होतं की दोन क्षण मी नुसती पाहत राहिले. फट दिसली की लांबी भरायची, मग प्रायमर, मग रंग. मुंबईच्या पावसात चाळीस वर्षं याच शिस्तीवर त्यांनी लोकांच्या घरांतली ओल थांबवली होती.

“अप्पा, ही फट राहू द्यायची असते,” मी म्हटलं.

“पाऊस आत जाईल.”

“जाऊ दे. आत गेलेलं पाणी खालच्या भोकांतून बाहेर येतं.”

त्यांना ते पटेना. तोंडाने सांगून पटण्यासारखं नव्हतंच. मी डेकमागे गेले, नव्याने बसवलेल्या पट्टीच्या टोकाला हात लावला आणि त्यांना म्हटलं, सरकवून बघा. त्यांनी दोन बोटांनी पट्टी डावीकडे ढकलली. ती सुर्र आवाज करत सरकली. उजवीकडे ढकलली, परत आली. मग मी पट्टीच्या पोटाखाली असलेली बारीक भोकं दाखवली, मागे शिरलेलं पाणी निथळून जायला ठेवलेली. त्यांनी पट्टी पुन्हा एकदा सरकवली, या वेळी डोळे मिटून.

“टांगलीय,” ते म्हणाले. “ठोकलेली नाही, टांगलीय.”

नंतर तासभर ते पातळ पात्याने स्वतःच भरलेला सीलंट काढत बसले. सांध्याच्या आत शिरलेला कणन् कण त्यांनी दातकोरणीने बाहेर काढला. मी करू का म्हणून विचारलं, तर मान हलवली. मी भरलंय, मीच काढणार.

रंग सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काढला. दिवसाला वीस-पंचवीस सेल्सियस, कोरडी हवा. व्हायनिलसाठी म्हणून वेगळ्या छटा आता मिळतात, त्यांतली रंगद्रव्यं उन्हातली अवरक्त किरणं परतवतात, त्यामुळे थोडा गडद रंगही चालतो. मी तरीही फिकट राखाडी-निळा घेतला, आकडा बासष्ट. पूर्ण अॅक्रिलिक, लवचीक, म्हणजे पट्टी ताणली तर वरचा थरही ताणला जावा. दोन हजार चौरस फुटांच्या भिंती, दोन हात, बारा गॅलन. पश्चिमेच्या गडद निळ्यावर तीन हात लागले, म्हणून आणखी एक गॅलन. सगळे डबे अप्पांनी एका मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळले, कारण एकाच छटेचे दोन डबेही कधी सारखे नसतात, आणि डबा भिंतीच्या मधोमध संपला की फरक दिसतोच.

शिडीवर कोणी चढायचं, यावरून मात्र वाद झाला. अप्पा अडुसष्टचे. परदेशातून आलेल्या आई-वडिलांचा इथला प्रवासी विमा किती तोकडा असतो हे इथे राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. पण मी विम्याचं कारण पुढे केलं ते खरं कारण सांगवत नव्हतं म्हणून. त्यांचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप बशीवर ठेवताना मला ते ऐकू यायचं. सातव्या मजल्याला झुल्यावरून रंग काढलेला माणूस दुमजली घराच्या शिडीखाली उभा राहिला आणि त्याने शिडीचे पाय धरले. पहिल्या दिवशी ते जेवताना गप्प होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. सोळा फुटांवर टेकायची तर शिडीचा पाय भिंतीपासून चार फूट हवा, हे मी वाचलं होतं. त्यांनी ते न मोजता लावलं, आणि मी टेपने मोजलं तर चार फूटच भरलं. सकाळी दहाच्या आत ब्रश हातात घ्यायचा नाही. सप्टेंबरात इथे दव पडतं आणि व्हायनिलवर ते डोळ्यांना दिसत नाही. अप्पा हाताची मागची बाजू भिंतीवरून फिरवायचे. तळहात रंगाऱ्याचा, त्याला काही कळत नाही, म्हणायचे. मग उन्हाच्या उलट चालायचं: सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारी पूर्वेची, म्हणजे काम नेहमी सावलीत. आधी चार इंची ब्रशने पट्टीची खालची कड, जी खालून पाहणाऱ्यालाच दिसते आणि म्हणून वरचा रंगारी ती विसरतो. मग लहान रोलरने तोंड. एक पट्टी टोकापासून टोकापर्यंत, मध्ये थांबायचं नाही. ओली कड सुकली की जोड दिसतो.

खाली उभं राहून ते ब्रशचा आवाज ऐकायचे. “सुका झाला, बुडव,” असा आवाज खालून यायचा, आणि दर वेळी ब्रश खरंच सुका झालेला असायचा. मी वरची रांग संपवून खाली उतरेपर्यंत ते एक टाचणी घेऊन खालच्या रांगांच्या पोटाखाली वाकलेले असायचे. निथळायची भोकं रंगाने बुजली असतील तर एकेक मोकळं करायचे. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

अकरा दिवस लागले. शेवटच्या संध्याकाळी आम्ही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. अप्पांनी घर डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग उजवीकडून डावीकडे, आणि मग आत जाऊन ब्रश धुवायला लागले.

ऑक्टोबरच्या शेवटी ते डोंबिवलीला परत गेले.

जानेवारीत थंडीची लाट आली. एका सकाळी पारा उणे दहावर होता आणि गाडीवरचा बर्फ खरवडताना मला दक्षिणेच्या भिंतीवर बारीक पिवळट रेघा दिसल्या, उभ्या, जिथे जिथे दोन पट्ट्यांची टोकं एकमेकींवर चढतात तिथे. पोटात धस्स झालं. रंग सुटला असं वाटलं. जवळ जाऊन नखाने पाहिलं, तर रंग घट्ट होता. रेघ होती जुन्या रंगाची. सप्टेंबरात पट्ट्या लांबलेल्या होत्या, तेव्हा वरच्या टोकाखाली झाकलेला भाग आमच्या ब्रशला दिसलाच नव्हता. आता थंडीने त्या आखडल्या आणि तो उघडा पडला. मोजपट्टीने मोजलं, तीन मिलिमीटर.

अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे टीव्ही चालू होता. मी फोन भिंतीजवळ नेला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

“सगळ्या सांध्यांना आहे का?”

“मी पाहिले तेवढ्यांना आहे.”

“असू दे. मार्चच्या सुरुवातीला, चांगली थंडी असताना पण रंग धरेल अशा दुपारी, अर्ध्या इंचाच्या ब्रशने भरून घे. तेवढा रंग ठेवलाय ना?” मग जरा थांबून म्हणाले, “बाय, ते दोन बघितलेस? मी भरले होते ते?”

ते दोन सांधे मागच्या कोपऱ्याकडे होते. मी फोन हातात धरूनच गुडघाभर बर्फातून तिकडे गेले. हातमोजा काढला, सांध्यावरचा बर्फ पुसला. पहिल्याला रेघ होती. दुसऱ्यालाही होती, तेवढीच, तीन मिलिमीटर. मी फोन तिथे धरला आणि ते बघत राहिले.